पुराच्या गावात देवावरचा भरवसा

राम कृष्ण हरी, ताई.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि घरातही वाचून दाखवला. तुम्ही लग्न होऊन पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात आलात. 2019 ला घरात छातीएवढं पाणी शिरलं, 2021 ला पुन्हा ओसरीपर्यंत आलं. तेव्हापासून मृग सरून आर्द्रा लागल्या की तुमची झोप जाते. पावसाळ्याचे दोन महिने पलूसला खोली करून मुलांना तिकडं ठेवावं, असं तुमच्या मनात आहे. दाजी म्हणतात, कृष्णामाईनं आजवर सांभाळलं, पुढंही सांभाळेल. सासूबाई म्हणतात, देव्हाऱ्यातला दिवा विझवून घर सोडायचं म्हणजे देवावर विश्वासच नाही की. आणि तुम्ही विचारलंय, "मी एकादशी धरते, रोज हरिपाठ म्हणते, तरी पुढच्या पावसाळ्याची भीती वाटते. मग माझा विश्वास खोटा आहे का? देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?"

मीही कृष्णाकाठचाच, तुमच्यापेक्षा थोडा खालच्या अंगाला. दोन एकर ऊस आहे, दोन म्हशी आहेत, आणि गेली चौतीस वर्षं पंचक्रोशीत कीर्तन-प्रवचन करतो. 2005, 2019, 2021, तिन्ही पुरांत माझ्या घरात पाणी होतं. पोथीतलं सांगणारे माझ्याहून अधिकारी लोक पुष्कळ आहेत. मी सांगणार आहे ते बरंचसं पाण्यात उभं राहून कळलेलं आहे.

तुम्ही प्रश्न एक विचारलात, पण त्यात तीन गोष्टी गुंतल्यात. एक तुमची रात्रीची भीती. दुसरी, खोली करायची की नाही हा निर्णय. तिसरी, घरच्यांनी लावलेला बोल, की तुझा विश्वास कमी आहे. या तिसऱ्या गोष्टीनं पहिल्या दोन्हींना दाव्यानं बांधून ठेवलंय. भीती वाटली तरी बोलायची चोरी, निर्णय घ्यावा तर पाप लागल्यासारखं. म्हणून आधी तीच गाठ सोडवू.

दत्ताची नृसिंहवाडी तुमच्यापासून लांब नाही. पूर आला की तिथं पाणी गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहतं, दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक त्या पाण्यात स्नान करायला पहाटे जातात. पाण्याला तिथं कुणी शत्रू मानत नाही. पण त्याच वाडीत पाणी चढायला लागलं की पुजारी उत्सवमूर्ती उचलतात आणि वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेऊन ठेवतात. पूजा, आरती, नैवेद्य सगळं तिथं चालू राहतं. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय हे. आता मला सांगा, त्या पुजाऱ्यांचा दत्तावर विश्वास कमी आहे का? प्रत्यक्ष देवाला वर न्यायला ज्यांना कमीपणा वाटत नाही, त्यांच्या शेजारी राहून आपण पोराबाळांना वर न्यायला लाजायचं, हे मला तरी पटत नाही. सासूबाई वाडीला गेल्या असतील तर त्यांनाही हे ठाऊक असेल. भांडणात नको, सहज चहाच्या वेळी आठवण करून द्या.

हे मी आज ठामपणे सांगतो. 2005 ला सांगत नव्हतो. उलटंच सांगत होतो, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीला, म्हाताऱ्या पावसात, आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात हरिपाठ झाला. वीणा माझ्या गळ्यात होती. नदी गावठाणाच्या खालच्या आळीला लागली होती. दोघातिघांनी विचारलं, महाराज, जनावरं सोडून वरच्या माळाला न्यावीत का? मी म्हणालो, "आजवर या देवळाच्या पायरीला पाणी लागलेलं नाही. पांडुरंग बसलाय, तो बघून घेईल. निवांत झोपा." माझ्या आवाजात जोर होता. खरं सांगायचं तर अंधारात, पावसात जनावरं हाकायचा मलाच कंटाळा आला होता, आणि त्या कंटाळ्यावर मी देवाचं नाव पांघरलं.

रात्री दीडच्या सुमाराला पाणी आलं. आमच्या शेजारी एक म्हातारे होते, रोज कीर्तनाला पुढं बसायचे. त्यांच्या दोन म्हशी आणि एक रेडी दावणीला होती. एकीचं दावं त्यांनी विळ्यानं कापलं, तेवढ्यात पाणी कमरेच्या वर गेलं. दुसरी म्हैस आणि रेडी दावणीलाच गेली. तो आवाज मी आमच्या माळवदावरून ऐकला.

पुढं कितीतरी दिवस मी त्यांच्या दारावरून जाताना मान वर केली नाही. शेवटी एकदा गेलो, पाय धरले. ते म्हणाले, "महाराज, दावं सोडायला मलाच उठायला पाहिजे होतं. तुम्ही काय, बोलायचं ते बोललात." त्यांनी मला बोल लावला नाही. मरेपर्यंत कीर्तनाला येत राहिले. पण मला ते वाक्य आजही पुरतं. देवळात वीणा गळ्यात असताना माणसाच्या शब्दाला वजन येतं, आणि त्या वजनानं एका गरिबाचं जित्राब बुडालं.

त्यानंतर मी वर्षभर भरवशावर प्रवचन केलं नाही. करायला गेलं की शब्द फुटायचा नाही. त्या वर्षात जे कळलं ते असं. मी त्या रात्री देवावर भरवसा ठेवलाच नव्हता, मी देवाशी पैज लावली होती. 'तू पाणी पायरीच्या खाली ठेव, म्हणजे तू खरा.' पैज हरली की माणूस एक तर देवाला खोटं ठरवतो नाही तर स्वतःच्या भक्तीला. तुमच्या घरात आज तेच चाललंय, ताई. पाणी आलं तर म्हणणार भक्ती कमी पडली, नाही आलं तर म्हणणार बघ, उगीच घाबरलीस. दोन्हीकडून तुम्हीच दोषी.

संतांच्या चरित्रात बघा, अशी पैज कुणाची जिंकलेली दिसत नाही. चोखोबांपेक्षा विठोबाला जवळचं कोण होतं? मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं, 1338 साल. कूस कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवराय जाऊन त्यांच्या अस्थी घेऊन आले आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली. ती समाधी आपण दर वारीला बघतो, तिच्यापुढं माथा टेकतो, आणि घरी येऊन म्हणतो की भक्ती खरी असेल तर भिंत पडणार नाही. तुकोबांचंही तेच. 1630 चा दुष्काळ पडला, दुकान बसलं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्यांची भक्ती कमी होती म्हणून का? उलट त्या होरपळीनंतरच ते पुरते विठोबाचे झाले. आणि दामाजीपंत. मंगळवेढ्यालाच दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी 'देव देईल' म्हणून हात जोडून बसायला लोकांना सांगितलं नाही. सरकारी धान्याची कोठारं उघडली. पुढं आपलं काय होणार हे माहीत नसताना उघडली. मला विचाराल तर दामाजींच्या गोष्टीत चमत्कार नंतर आहे. भरवसा त्या कुलूप काढणाऱ्या हातात आहे.

मग भिंत पडायची ती पडणारच असेल तर देवावर भरवसा ठेवून मिळतं काय? हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या प्रश्नाच्या मागं ते उभं आहे असं मला वाटलं. याचं उत्तर मी 2019 मधून देतो.

त्या वर्षी आषाढी 12 जुलैला होती. वारी करून आलो, ऊस चांगला होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आसळकाच्या पावसानं जोर धरला. यावेळी मी कुणाला झोपा म्हणालो नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याचा आकडा चाळीस फुटांवर जातोय म्हटल्यावर आम्ही आळीतली जनावरं माळाला नेली, म्हातारी माणसं पाहुण्यांकडं पोचवली, देवळातल्या पोथ्या आणि मृदंग शाळेच्या वरच्या खोलीत ठेवले. सगळं केलं. आणि तरी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 ला 53 च्या पुढं गेलं होतं, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आयुष्यात एवढं पुन्हा बघायचं नाही. माझ्या घराची मागची पांढऱ्या मातीची भिंत बसली. उसाच्या पोंग्यात गाळ भरला आणि उभा फड कुजला. वडिलांची वीणा गडबडीत घरातच राहिली होती, तिचा भोपळा फुगून उकलला.

म्हणजे तयारी केली म्हणून नुकसान टळलं, असंही मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण त्या वर्षी आमच्या आळीत दावणीला एकही जित्राब मेलं नाही.

निवाऱ्याच्या शाळेत आम्ही सगळे एकत्र होतो. पाटलांची माणसं, मांगवाड्यातली, मुसलमानांची दोन घरं, एकाच वर्गात, एकाच सतरंजीवर. तिसऱ्या दिवशी आटपाडी-जतकडून भाकरीची पोती आली. ताई, तो भाग कोणता ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच उन्हाळ्यात तिकडची जनावरं चारा छावणीत होती, टँकरचं पाणी होतं. एकाच जिल्ह्यात ते पाण्यावाचून, आम्ही पाण्यात. त्या बायांनी रात्री बसून भाकरी थापल्या, वर चटणी आणि कांदे बांधून दिले. मी ती भाकरी हातात धरली आणि पहिल्यांदा रडलो. तोवर रडलो नव्हतो.

मी असं म्हणणार नाही की बघा, देवानं भाकरी पाठवली. कारण त्याच आठवड्यात, 8 ऑगस्टला, ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसं गेली. लेकरं गेली. भाकरी देवानं पाठवली म्हणायचं तर त्या नावेचं काय म्हणायचं? तिथं माझी जीभ उचलत नाही, आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर कुणीही 'देवाची इच्छा' हा शब्द उच्चारू नये असं माझं मत आहे. मी त्या गावात पुढं दोनदा गेलो. बोललो नाही. बसलो, त्यांनी जे सांगितलं ते ऐकलं, आणि निघताना एकानं म्हटलं म्हणून नामजप केला.

एवढं मात्र खात्रीनं सांगतो. 2005 च्या रात्री माझ्यापाशी 'पाणी येणार नाही' एवढाच आधार होता, आणि पाणी आलं तसा तोही वाहून गेला. 2019 ला तसा आधार मी धरलाच नव्हता. शाळेत संध्याकाळी हरिपाठ सुरू केला, वीणा नव्हती, टाळाचे दोनच जोड होते. उद्या काय ते माहीत नव्हतं. घर उभं आहे की नाही तेही माहीत नव्हतं. पण 'काहीही झालं तरी याच्याजवळून उठून कुठं जायचं नाही' हे आतून ठरलेलं होतं, आणि ते पाण्याच्या पातळीवर अवलंबून नव्हतं. मला भरवसा समजला तो एवढाच. पुढचं दिसत नसताना त्याचा हात न सोडणं, आणि आपल्या हाताला जे काम सुचलंय ते करणं. दोन्ही एकाच वेळी.

दाजींना हे वेगळं शिकवावं लागणार नाही. ते शेतकरी आहेत. उसाची आडसाली लावण आपण केव्हा करतो? जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पुराच्या तोंडावर. तुटायला पुढचे सोळा-अठरा महिने. पाणी येईल का, हुमणी लागेल का, कारखाना दर काय देईल, काही माहीत नसतं. तरी बेणं निवडतो, औषधात बुडवतो, सरी सोडतो, लागणीआधी नारळ फोडतो. नारळ फोडला म्हणून बेणंप्रक्रिया चुकवत नाही, आणि प्रक्रिया केली म्हणून नारळ चुकवत नाही. शेतात ज्या माणसाला हे कळतं त्याला घरातही कळेल. फक्त घराची गोष्ट निघाली की मध्ये कमीपणा येतो. घर सोडणं म्हणजे हरणं, गाव काय म्हणेल, बायकोचं ऐकलं म्हणतील. दाजी कृष्णामाईचं नाव घेतात त्यात श्रद्धा आहे, मी शंका घेत नाही. पण त्या नावाखाली थोडी ही लाजही असावी. 2005 ला माझा कंटाळा होता तसा.

आता निर्णयाचं. खोली करावी की नाही हे मी इथं बसून सांगणार नाही, कारण ते माझ्या न बघितलेल्या गोष्टींवर आहे. तुमचं घर नदीपासून किती वर आहे, वरच्या माळाला जायचा रस्ता आधी बुडतो की घर आधी बुडतं, सासूबाईंना चालता येतं का, जनावरं किती, मुलांची शाळा कुठं, खोलीचं भाडं खताच्या पैशातून जाणार की दुधाच्या. ज्या घराचा रस्ता आधी तुटतो त्यांनी लवकर निघायलाच पाहिजे, तिथं मी दुसरं मत ऐकत नाही. ज्यांचा रस्ता शेवटपर्यंत चालू राहतो त्यांना दोन महिने भाडं भरायची गरज नसेलही, वेळेवर निघायचं ठरलेलं असलं की पुरतं.

आणि हे ठरवायची वेळ पाऊस पडत असताना नाही. ज्येष्ठात, वटपौर्णिमेच्या आसपास, ऊन असताना सगळ्यांनी बसा. आधी भिंतीवर तिन्ही पुरांच्या खुणा रंगानं करा. मग आकडा ठरवा. सांगलीला आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका, हे तुम्हाला माहीत असेल. पण तुमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला आहे, तुमच्याकडं पाणी आधी येतं. म्हणून तुम्हाला आयर्विनपेक्षा भिलवडी पुलाचा आकडा कामाचा. जिल्ह्याच्या रोजच्या पत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी असे क्रमानं आकडे येतात. कराडला आणि बह्याला वाढलं की ते तुमच्याकडं निघालंय असं समजा. सोबत कोयना धरणातून किती क्युसेकनं पाणी सोडलंय ते बघा. धरणापासून तुमच्या दारापर्यंत पाणी यायला वेळ लागतो, तो वेळ हाच आपल्या हातातला. खाली हरिपूरला वारणा मिळते, ती पण फुगलेली असली की आपल्याकडचं पाणी तुंबतं, लवकर उतरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मागच्या पुरात भिलवडीचा आकडा किती असताना तुमच्या दारात पाणी आलं, हे गावात कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, नसेल तर तलाठ्यांकडं किंवा ग्रामपंचायतीत विचारा. त्याच्या चांगला खालचा आकडा धरा आणि दाजींच्या हातानं कॅलेंडरवर लिहा: 'एवढं झालं की मुलं आणि आई निघणार, एवढं झालं की जनावरं, एवढं झालं की आपण.' दाजींच्या हातानं, हे महत्त्वाचं. आकडा आला की त्या दिवशी चर्चा नाही. रात्री घाबरलेल्या मनानं निर्णय घ्यायचाच नाही, तो आधीच घेतलेला आहे. आमच्या घरात असं केल्यापासून भांडण निम्म्यावर आलं. सातबारा, आधार, रेशनकार्ड, पासबुकं, मुलांचे दाखले, सासूबाईंच्या गोळ्या, हे एका प्लास्टिकच्या डब्यात. चारा चार दिवसांचा वर.

आता भीतीबद्दल. ताई, भीती वाटणं म्हणजे विश्वास नसणं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ज्या बाईनं अंधारात लेकराला खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून वाट काढली, तिला पत्र्यावर पावसाचा आवाज आला की धडकी भरणारच. शरीराला आठवतं ते. मी रात्री काय करतो ते सांगतो, जमलं तर बघा. जाग आली की अंथरुणात तळमळत पडत नाही, उठून बसतो. आधी खरं काय आहे ते बघतो. पाऊस असेल तर बॅटरी घेऊन ओढ्याच्या कडेला रोवलेली काठी बघून येतो, किती वाढलं, किती उतरलं. मोबाईलवरचे व्हिडिओ बघत नाही, त्यातले निम्मे मागच्या वर्षीचे असतात. मग परत येऊन देव्हाऱ्यासमोर बसतो आणि श्वासाबरोबर राम कृष्ण हरी. मोजत नाही.

मागणं काय मागायचं, हेही मी बदललं. 'पाणी येऊ देऊ नको' असं मागायला मनाई नाही, लेकरानं आईकडं काहीही मागावं. मीही मागतो. पण तिथं थांबत नाही. पुढं म्हणतो, 'आलं तर वेळेवर उठायची बुद्धी दे. आणि माझ्या शेजाऱ्याला हाक मारायची आठवण दे.' हे दुसरं मागणं मी म्हाताऱ्यांच्या त्या म्हशीमुळं शिकलो.

तरी झोप लागत नसेल, दिवसाही छाती धडधडत असेल, स्वयंपाक करता करता हात गळत असतील, मुलांवर उगाच हात उचलला जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारी टेली मानस म्हणून 14416 हा नंबर आहे, फोनवर मोफत बोलता येतं, मराठीत बोलतात. आमच्या आळीतली एक मुलगी 2021 नंतर असंच करायची, औषधानं आणि बोलण्यानं तिला चार-पाच महिन्यांत पुष्कळ फरक पडला. ती अजून माझ्या कीर्तनात टाळ धरते. गोळी घेतल्यानं तिची भक्ती उणी झाली नाही.

तुम्ही शेवटी एक ओळ लिहिलीय, की 2021 ला पाणी उतरल्यावर चिखलानं भरलेल्या देव्हाऱ्यासमोर तुम्ही देवाला वाईट बोललात, आणि ते अजून मनात सलतंय. त्या वर्षीची आषाढी 20 जुलैला झाली आणि दोनच दिवसांत पाणी चढायला लागलं. कोरोनामुळं वारीही नीट झाली नव्हती, पादुका एसटीनं गेल्या. माझ्याही तोंडून त्या आठवड्यात बरंच काही गेलं. जनाबाईंनी विठोबाला दिलेल्या शिव्या आपण देवळात टाळ-मृदंगावर म्हणतो, नामदेवराय त्याच्याशी रुसतात, तुकोबा त्याच्याशी कडाकडा भांडतात. भांडण घरच्या माणसाशीच होतं. तुम्ही दुसऱ्या कुणापाशी गेला नाहीत, त्याच्याच समोर उभं राहून बोललात. त्याचं प्रायश्चित्त वगैरे काही नाही. मनातून काढून टाका.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं दुःख वेगळं असावं असं मला वाटतं. पन्नास वर्षं ज्या देव्हाऱ्यात त्यांनी रोज दिवा लावला, तो अंधारात, पाण्यात टाकून जायचं त्यांच्या जिवावर येतंय. विश्वासाची भाषा आहे, पण आत देवाची काळजी आहे. 'देवाला सोडून कशी येऊ' असं त्या म्हणतायत. तेव्हा देवाला सोडून यायला सांगू नका, घेऊन यायला सांगा.

आमच्या आईच्या बाबतीत हेच झालं होतं. ती जागची हलेना. शेवटी तांबटाकडून घट्ट झाकणाचा एक पितळी डबा आणला आणि तिच्या हातात दिला. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, देव्हाऱ्यातलं सगळं त्यात. म्हटलं, आई, देव तू न्यायचे, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. 2019 ला आकडा आला तेव्हा सगळ्यात आधी तीच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाऊन बसली, डबा मांडीवर, वर पदर. निघायच्या आधी तिनं उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, नदीच्या दिशेनं ओटी सोडली, देव्हाऱ्यातल्या दिव्यावरून कंदील लावून घेतला आणि मगच तो दिवा शांत केला. शाळेत पोचल्यावर कंदिलावरून वर्गाच्या कोनाड्यात निरांजन लावलं. आई आता नाही. डबा आहे. ज्येष्ठ लागला की माझी सून तो चिंचेनं घासून माळ्यावरून खाली काढून ठेवते.